वाचकांचे प्रश्न : श्रूजबरीची पेठ आणि तिची पंचक्रोशी

इंग्लंडमधील जुन्या बाजारगावांविषयी आलेल्या पत्रांपैकी श्रूजबरी आणि तिच्या परिसरासंबंधीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रांतील मुख्य प्रश्न तेवढेच छापले आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा बर्मिंगहॅमला नोकरीस आहे. जून महिन्यात आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. लंडन पूर्वी पाहून झाले आहे. आता एखादे जुने इंग्रजी गाव निवांतपणे पाहावे असे मनात आहे. सहल कंपन्यांच्या पत्रकांत कॉट्सवोल्ड्सची एका दिवसाची फेरी असते, मुलगा मात्र श्रूजबरीला जा म्हणतो. आम्हा पुणेकरांना हे नाव केवळ बिस्किटांमुळे ठाऊक. तेथे पाहण्यासारखे काय आहे, आणि एक दिवस पुरेल काय? — एक निवृत्त दांपत्य, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या मुलाचा सल्ला आम्हाला पटतो. कॉट्सवोल्ड्समधील गावे देखणी आहेत यात शंका नाही. परंतु उन्हाळ्यात तेथे प्रवासी बसगाड्यांची रीघ लागते, आणि एका दिवसात चार गावे दाखवणाऱ्या फेरीत प्रत्येक गावाच्या वाट्याला चहा आणि छायाचित्रे यांपलीकडे फारसे काही येत नाही. श्रूजबरी हे श्रॉपशर परगण्याचे मुख्य गाव वेल्सच्या सीमेजवळ असून बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्थानकापासून रेल्वेने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. एका दिवसात गाव पाहून होईल, पण ज्या मुलुखाच्या जिवावर ही पेठ उभी राहिली तो मुलूख राहून जाईल. म्हणून निदान तीन रात्रींचा मुक्काम करावा, असे आम्ही सुचवू.

सेव्हर्न नदी या गावाला घोड्याच्या नालासारखा वळसा घालते. वळसा जेथे जवळजवळ मिटतो त्या अरुंद मानेवर नॉर्मन सरदारांनी किल्ला बांधला, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंचे रक्षण नदीने केले. गावात शिरण्याचे दोन मुख्य पूल आहेत : पूर्वेकडचा इंग्लिश ब्रिज आणि पश्चिमेकडचा वेल्श ब्रिज. या दोन नावांतच पेठेचे सारे गणित आले. वेल्सच्या डोंगराळ भागात विणलेले लोकरी कापड पश्चिमेकडून येई, येथील कारागीर त्याची लव कातरून ते तलम करीत, आणि कापड व्यापाऱ्यांची मंडळी ते लंडनच्या बाजारात धाडीत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यापाऱ्यांच्या हाती इतका पैसा खेळू लागला की त्यांनी काळ्या लाकडी चौकटींची आणि पांढऱ्या गिलाव्याची तीन-तीन, चार-चार मजली घरे उठवली. हाय स्ट्रीटवरील ‘आयर्लंड्स मॅन्शन’ हे त्यांतले ठळक उदाहरण. गावात संरक्षित म्हणून नोंदलेल्या इमारती 660 हून अधिक आहेत, आणि त्यांतील बऱ्याचशांत आजही दुकाने, कचेऱ्या व बिऱ्हाडे आहेत.

भटकंतीचा आरंभ ‘द स्क्वेअर’ या चौकातील 1596 सालच्या जुन्या बाजार-इमारतीपासून करावा. तिच्या वरच्या मजल्यावर कापडाचा आणि खालच्या उघड्या कमानींत धान्याचा व्यवहार चाले. उत्तरेकडील कमानीच्या आतल्या अंगाला दगडात भोकांच्या ओळी दिसतात. किती माल विकला गेला याची मोजदाद त्या भोकांच्या आधारे ठेवली जाई. बहुतेक पर्यटक ती न पाहताच पुढे जातात. तेथून फिश स्ट्रीट, बेअर स्टेप्स आणि बुचर रो या गल्ल्यांतून पायी हिंडावे. नावांवरून कळतेच की कोठे मासे विकले जात आणि कोठे मटण. बुचर रोवरील ‘अ‍ॅबट्स हाउस’ पंधराव्या शतकातले आहे, आणि त्याच्या तळमजल्यावर जुन्या दुकानांच्या खिडक्या अजून ओळखता येतात. दोन रस्त्यांना जोडणाऱ्या अरुंद बोळांना येथे ‘शट’ म्हणतात; नकाशा मिटून खिशात ठेवावा आणि या बोळांतून खुशाल वाट चुकावी, कारण गाव टेकडीवर असल्यामुळे उताराला लागले की पावले शेवटी नदीवरच पोहोचतात.

आजचा बाजार मात्र या जुन्या इमारतीत भरत नाही. तो 1965 साली बांधलेल्या, उंच घड्याळी मनोरा असलेल्या इमारतीत भरतो. ही इमारत बाहेरून अगदी रुक्ष आहे, आणि तिच्यासाठी पूर्वीची व्हिक्टोरियन बाजार-इमारत पाडली गेली याची हळहळ जुन्या वास्तूंच्या चाहत्यांना आजही वाटते. तरीही आत अवश्य जावे. खाटीक, मासळीवाले, चीज विकणारे, भाजीवाले, जुनी पुस्तके आणि खाण्याचे छोटे ठेले असे सारे एकाच छपराखाली आहे, आणि गावकरी तेथे खरोखरच आठवड्याची खरेदी करतात. सोमवारचा दिवस टाळून शुक्रवार वा शनिवार गाठल्यास बाजार भरलेला दिसेल.

चार्ल्स डार्विन यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी याच गावात झाला. ज्या शाळेत ते शिकले तिच्या जुन्या इमारतीत आता सार्वजनिक ग्रंथालय असून तिच्यासमोर त्यांचा 1897 साली उभारलेला बैठा पुतळा आहे. सेंट मेरी चर्चमधील रंगीत काचा आणि 1083 साली स्थापन झालेला मठ हेही पाहावे. जून महिन्यात ‘क्वारी’ या नदीकाठच्या उद्यानातील ‘डिंगल’ नावाची फुलबाग भरात असते, आणि तेथून जवळच नौकाविहाराची बोट सुटते.

एक जागा मात्र गावठाणाबाहेर असल्यामुळे प्रवाशांकडून सुटते. डिदरिंग्टन येथील 1797 सालची, जवसाच्या धाग्यांचे सूत काढणारी गिरणी ही लोखंडी सांगाड्यावर उभारलेली जगातील पहिली इमारत होय. चार्ल्स बेज या रचनाकाराने आगीच्या भीतीपोटी लाकडी तुळया टाळून ओतीव लोखंडाचे खांब व तुळया वापरल्या, आणि पुढे गगनचुंबी इमारतींपर्यंत पोहोचलेल्या बांधकाम-पद्धतीची येथे सुरुवात झाली. दीर्घ दुरुस्तीनंतर 2022 पासून ती लोकांना पाहता येते. मुंबईत काळा घोड्याजवळील वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा ज्यांनी कुतूहलाने पाहिला असेल, त्यांनी त्याची ही पूर्वजही पाहावी.

प्रश्न : आम्हा दोघी मैत्रिणींना परदेशात गाडी चालवण्याचे धाडस होत नाही. मोटारीशिवाय श्रूजबरीच्या आसपासचा ग्रामीण भाग पाहता येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : येईल, पण नियोजनाची दिशा उलटी ठेवावी लागेल. आधी प्रेक्षणीय स्थळ निवडून मग तेथे जाण्याची सोय शोधण्याऐवजी, रेल्वेमार्ग कोठे जातो ते पाहून त्याच्या काठची स्थळे निवडावीत. श्रूजबरीहून दक्षिणेकडे जाणारा मार्ग या कामी उत्तम आहे, कारण चर्च स्ट्रेटन, क्रेव्हन आर्म्स आणि लडलो ही तिन्ही ठिकाणे त्याच मार्गावर असून सर्वांत दूरचे लडलोदेखील अर्ध्या तासाच्या आसपास येते. गाडी सुटताना स्थानकाच्या दक्षिणेला उंच विटकरी सिग्नल-केबिन दिसते, ती पाहायला विसरू नये. 180 खटक्यांची ही केबिन हाताने चालणाऱ्या शिल्लक सिग्नल-केबिनांमध्ये जगात सर्वांत मोठी आहे.

चर्च स्ट्रेटनला उतरून पायीच कार्डिंग मिल व्हॅलीत जाता येते. ‘कार्डिंग’ म्हणजे लोकर पिंजणे. या दरीतील ओढ्यावर एकेकाळी लोकर पिंजण्याची गिरणी चाले. दरीच्या वर लाँग मिंडचे विस्तीर्ण पठार आहे. त्याचा सर्वोच्च माथा, पोल बँक, 516 मीटर उंचीचा आहे. आपल्या सह्याद्रीच्या हिशेबाने ही उंची किरकोळ वाटेल, पण पठारावर झाडे जवळजवळ नसल्यामुळे वाऱ्याला आडकाठी राहत नाही आणि ऊन असतानाही स्वेटर लागतो. पठारावर मेंढ्या मोकळ्या चरतात. ऑगस्टमध्ये हेदर या खुरट्या झुडपाच्या जांभळ्या फुलोऱ्याने डोंगर रंगून जातो, आणि त्याच सुमारास झुडपांवर निळसर-काळी रानफळे पिकतात, ज्यांना इथली माणसे ‘विनबेरी’ म्हणतात. ही फळे घालून भाजलेला ‘पाय’ (pie) हा पदार्थ गावातल्या बेकरीत दिसला तर तो सोडू नये.

क्रेव्हन आर्म्स हे गाव स्वतः फारसे देखणे नाही. पण तेथून वीसेक मिनिटे चालत गेल्यावर स्टोकसे कॅसल लागतो, आणि लोकरीचा धागा येथे पुन्हा हाती येतो. हा किल्ला कोणा राजाने बांधलेला नाही. लडलोचा लॉरेन्स हा इंग्लंडमधील मोठा लोकर-व्यापारी. त्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस हे तटबंदीचे निवासस्थान उभारले आणि 1291 मध्ये राजा पहिला एडवर्ड याच्याकडून तटबंदीची परवानगी मिळवली. सीमेवरील मुलूख शांत झाल्यावर एका व्यापाऱ्याला असा वाडा बांधावासा वाटला, यातच त्या काळाचे मर्म आहे. दालनाच्या खिडक्या किल्ल्याला न शोभण्याइतक्या मोठ्या आहेत. लढाईपेक्षा पाहुण्यांना दिपवण्याचा विचार त्यांमागे अधिक दिसतो. पुढे 1294 मध्ये लोकर घेऊन जाणारे जहाज बुडून लॉरेन्स मरण पावला. वेळ एकाच स्थळापुरता असेल तर आम्ही लडलोच्या भव्य किल्ल्यापेक्षा स्टोकसेची शिफारस करू.

लडलोला जायचे झाल्यास सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार निवडावा, म्हणजे किल्ल्यासमोरील चौकात उघड्यावर भरणारा बाजारही पाहता येईल.

आयर्नब्रिजबद्दल मात्र सावध करणे भाग आहे. 1779 साली उभा राहिलेला तो जगातील पहिला मोठा लोखंडी पूल आणि भोवतालची दरी 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण तेथे रेल्वे स्थानक नाही. बसने जावे लागते, बस वारंवार नसते, आणि रविवारी तर ग्रामीण इंग्लंडमध्ये बससेवेवर विसंबूच नये. सकाळी निघण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या बसची वेळ पाहून ठेवावी, किंवा त्या एका दिवसापुरती टॅक्सी करावी.

प्रश्न : इंग्लंडमध्ये शेतांतून जाणाऱ्या पायवाटांवरून कोणीही चालू शकतो, असे ऐकले. दुसऱ्याच्या शेतात असे शिरणे कायद्याला धरून आहे का? शेतकरी हरकत घेत नाहीत का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : जी वाट ‘सार्वजनिक पायवाट’ म्हणून नोंदलेली आहे तिच्यावरून चालण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, मग ती कोणाच्या खासगी शेतातून, गोठ्याच्या अंगणातून वा बंगल्याच्या बागेला लागून जात असली तरी. यांतील बहुतेक वाटा शेकडो वर्षे शेतावर, चर्चला किंवा बाजाराला जाणाऱ्यांच्या पावलांनी पडलेल्या आहेत. त्यांची अधिकृत नकाशांवर नोंद करण्याचे बंधन 1949 च्या कायद्याने घातले, आणि 2000 च्या कायद्याने डोंगर, माळरान व सामाईक कुरणे अशा ठरावीक उघड्या जमिनींवर वाट सोडूनही हिंडण्याची मुभा दिली. म्हणजे लाँग मिंडच्या माथ्यावर बरेचसे मोकळेपण आहे. खाली शेतात मात्र हक्क त्या वाटेपुरताच आहे, बांधावर पथारी टाकून डबा खाण्याचा नाही.

वाटेवरील खांबांवर पिवळा बाण असेल तर ती केवळ पायी चालणाऱ्यांची वाट, आणि निळा असेल तर घोडेस्वार व सायकलस्वारही तेथे येऊ शकतात. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या किंवा एका वेळी एकच माणूस जाईल अशी झुलती फाटके असतात. साधे फाटक उघडे आढळले तर उघडेच ठेवावे, बंद आढळले तर मागे बंद करावे. जनावरे कोठे जावीत हे शेतकऱ्याने ठरवलेले असते. वासरे असलेल्या गाईंच्या कळपामधून जाऊ नये, कडेने लांबून वळसा घालावा. त्या गाई धिप्पाड असतात आणि वासरू जवळ असले की अंगावर येऊ शकतात. पीक उभे असलेल्या शेतातून वाट जात असेल तर एकामागोमाग एक चालावे.

मोबाइलवरील नकाशावर सर्वस्वी अवलंबून राहू नये, कारण दऱ्यांत अनेकदा रेंज मिळत नाही. ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ या सरकारी संस्थेचा 1:25,000 प्रमाणाचा, ‘एक्सप्लोरर 217’ क्रमांकाचा छापील नकाशा विकत घ्यावा; लाँग मिंड आणि वेनलॉक एज हे दोन्ही डोंगर त्यात येतात आणि सार्वजनिक वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. पाऊस पडून गेल्यावर या वाटांवर चिखल होतो, त्यामुळे घोट्यापर्यंतचे बूट असलेले बरे. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधारू लागते. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

प्रश्न : मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. खाण्याचे हाल होतील का? शिवाय श्रूजबरी बिस्किटे तेथे मिळतात का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण अंडे न खाणाऱ्याने केक, ‘पाय’ आणि बिस्किटे यांबाबत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात इंग्लंडमध्ये अंडे येते. आपल्या सोयीचा शब्द ‘व्हीगन’ हा आहे, आणि तशी खूण खाद्ययादीवर बहुधा असते. गावातील पबचे स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी सहाच्या पुढे उघडते, हे ध्यानात ठेवले नाही तर डोंगरावरून भुकेने परतल्यावर चिप्सच्या पाकिटावर भागवावे लागते.

बिस्किटांच्या बाबतीत थोडी निराशा पदरी येईल. पीठ, लोणी, साखर, अंडे आणि लिंबाची साल घालून केलेल्या ‘श्रूजबरी केक’ची कीर्ती जुनी आहे, आणि पेलिन नावाच्या हलवायाने 1760 मध्ये ते येथे केल्याचे सांगणारी पाटी कॅसल स्ट्रीटवर लावलेली आहे. पण पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीसमोर लागते तशी रांग तेथे कोठेही दिसणार नाही. श्रूजबरीपेक्षा पुण्यातच या बिस्किटांचे कौतुक अधिक आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

प्रश्न : मी इतिहासाचा शिक्षक आहे. रॉबर्ट क्लाइव्ह श्रूजबरीचा होता असे वाचले. विजयदुर्गाशी त्याचा संबंध आमच्या मुलांना शिकवतो. त्याच्या गावी त्याच्याविषयी काय पाहायला मिळते? — एक वाचक, देवगड, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपण म्हणता तो संबंध इंग्लंडमध्ये फारसा कोणाच्या लक्षात नसतो, तेथे क्लाइव्हचे नाव प्लासीशी जोडलेले आहे. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, वॉटसन या अ‍ॅडमिरलच्या आरमाराने विजयदुर्गावर तोफांचा भडिमार केला, तेव्हा किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेचे नेतृत्व क्लाइव्हकडे होते. तुळाजी आंग्रे यांचे आरमार त्या मोहिमेत जळाले. मोहीम पेशव्यांशी करार करून काढलेली असली तरी किल्ल्यात सापडलेले धन इंग्रजांनी आपसांतच वाटून घेतले, आणि पुढे बाणकोट पदरात पाडून घेतल्यावरच विजयदुर्ग पेशव्यांच्या हवाली केला.

काटेकोरपणे सांगायचे तर क्लाइव्हचा जन्म श्रूजबरीचा नाही. तो 1725 मध्ये याच परगण्याच्या उत्तरेला, मार्केट ड्रेटनजवळील स्टाइच या घराण्याच्या इस्टेटीवर झाला. हिंदुस्थानातून गडगंज होऊन परतल्यावर तो 1761 पासून 1774 मधील मृत्यूपर्यंत श्रूजबरीचा खासदार होता, आणि 1762 मध्ये गावाचा महापौरही झाला. त्याचा ब्राँझचा पुतळा 1860 पासून ‘द स्क्वेअर’मध्ये, वर उल्लेखिलेल्या जुन्या बाजार-इमारतीसमोरच उभा आहे. सालाकडे लक्ष द्यावे : मृत्यूनंतर तब्बल 86 वर्षांनी, 1857 च्या उठावाची आठवण ताजी असताना, हा पुतळा उभारला गेला. ज्या पिढीने तो उभारला तिची गरज त्यातून क्लाइव्हच्या चरित्राइतकीच कळते. 2020 मध्ये तो हटवावा अशी मागणी करणाऱ्या अर्जांवर हजारो सह्या झाल्या, परंतु परगणा परिषदेने तो जागेवरच ठेवण्याचा निर्णय घेतला. आमच्या मते इतिहासाच्या शिक्षकाने तो अवश्य पाहावा, आणि चौथऱ्यावरचा ‘क्लाइव्ह’ हा एकच शब्द वाचून समाधान मानू नये.

खरे साहित्य मात्र श्रूजबरीत नाही. ते सीमेपलीकडे, वेल्समधील पॉविस कॅसलमध्ये आहे. क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याने पॉविसच्या हर्बर्ट घराण्यातील हेन्रिएटाशी विवाह केला, पुढे तो मद्रासचा गव्हर्नर होता, आणि 1804 मध्ये त्याला अर्ल ऑफ पॉविस हा किताब मिळाला. बाप-लेकांनी जमवलेल्या वस्तूंचे ‘क्लाइव्ह म्युझियम’ या किल्ल्यात असून हिंदुस्थान व पूर्वेकडील देशांतल्या 300 हून अधिक वस्तू तेथे आहेत. टिपू सुलतानाचा छापील सुती कापडाचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरील रत्नजडित व्याघ्रमुख या त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या वस्तू. श्रीरंगपट्टणच्या 1799 मधील लुटीतून निघालेल्या वस्तू वेल्सच्या एका टेकडीवर कशा पोहोचल्या, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. याच घराण्याने 1811 मध्ये लडलोचा पडका किल्लाही राजसत्तेकडून विकत घेतला, तेव्हा लडलोला जाणाऱ्यांनाही क्लाइव्हच्या पैशाची सावली चुकत नाही.

पॉविसला जाण्यासाठी श्रूजबरीहून अ‍ॅबरिस्टविथकडे जाणाऱ्या गाडीने वेल्शपूल गाठावे. स्थानकापासून गाव ओलांडून उद्यानातल्या चढणीने किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. किल्ला जुन्या वास्तू व निसर्गस्थळे जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या ताब्यात आहे, आणि लाँग मिंडची कार्डिंग मिल व्हॅली व श्रूजबरीजवळील अ‍ॅटिंगहॅम पार्क हीही त्याच संस्थेची असल्यामुळे सर्व ठिकाणे पाहणाऱ्याने सुट्या तिकिटांऐवजी परदेशी प्रवाशांसाठीच्या ठरावीक मुदतीच्या पासची चौकशी करावी. मार्केट ड्रेटनला जायचे तर बस पकडावी आणि बुधवार निवडावा. 1245 मध्ये राजा तिसरा हेन्री याने दिलेल्या सनदेनुसार तेथील बाजार आजही बुधवारीच भरतो. क्लाइव्हची कबर जवळच्या मॉर्टन से या खेड्यातील चर्चमध्ये आहे, परंतु खेडे लहान असल्याने तेथपर्यंत टॅक्सी करावी लागेल आणि चर्च उघडे असल्याची खात्री आधी करून घ्यावी लागेल.